डिंक, काजळ आणि सुंदराबाई

सुंदराबाई पहिल्यांदा आमच्या दारात आल्या त्या डिंक मागायला.

"मास्तरीणबाई, बायंतपनातला डिंक उरला असंन तर द्या जी थोडकसा. आनि काजयबी द्या."

माझे यजमान वाशीमच्या शाळेत मास्तर, म्हणून मी मास्तरीणबाई. मी मूळची नाशिककडची. थोरला मुलगा नुकताच झाला होता, आणि वऱ्हाडी बोलीत 'ळ'चा 'य' होतो हे अजून माझ्या कानाच्या अंगवळणी पडलं नव्हतं. काजय म्हणजे काजळ, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्याकडे बोट नेल्यावर मला कळलं. मी डब्यातला डिंक वाटीभर दिला, काजळाची डबीही दिली. त्यांनी डिंकाचा एक खडा उन्हात धरून पाहिला, "चांगला हाये, लालसर नाई," म्हणाल्या आणि गेल्या.

दुपारभर मी कोड्यात पडले. डिंक आणि काजळ एकाच घरात एकदम लागतात ते एकाच कारणानं. पण तळ्याकडच्या गल्लीतल्या त्या कौलारू घरात ही बाई एकटी राहते, असं घरमालकिणीनं मला सांगितलं होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मग बाळंतीण कोण? जेवताना मी हे यजमानांना विचारलं तेव्हा त्यांना ठसकाच लागला.

"अगं, ती फोटोबाई. फोटो करते ती त्याचे."

"डिंकाचे?"

"चिकटवायला लागत असेल."

"आणि काजळ?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, थोडा वेळ चावला आणि भाजी वाढायला सांगितली. यजमानांना गणित शिकवायची सवय होती, त्यामुळे ज्याचं उत्तर येत नाही त्या प्रश्नाला ते प्रश्न मानत नसत.

मला काही ते पटलं नाही. दोन दिवसांनी मुलाला शेजारणीकडे निजवून मी पदराखाली एक नवं टोपडं घेतलं आणि सुंदराबाईंकडे गेले. कुणाचं का असेना, बाळ ते बाळ. अंगणात सुंदराबाई परातीपुढे उकिडव्या बसल्या होत्या. परातीत पाणी, आणि पाण्यावर एक कागद पालथा तरंगत होता.

"बसा," त्या मान न वळवता म्हणाल्या. "येऊन राह्यलं."

"कोण?"

"पाहा तर."

त्यांनी कागद उलटा केला. काळाकुट्ट होता. मग त्या काळ्यातून काजळ सुटू लागलं, धूर विरावा तसं पाण्यात उतरू लागलं, आणि कागदावर आधी एक टेकडी आली, मग टेकडीखालची पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, वावरं, मग त्यातून गेलेली गाडीवाट. माझ्याच डब्यातला डिंक, माझंच काजळ. मी टोपडं हातात धरून उभी. सुंदराबाईंनी ते पाहिलं, मला काय वाटलं होतं ते त्यांच्या ध्यानात आलं की नाही कोण जाणे. त्यांनी ते घेतलं, उलटसुलट केलं, आणि ओट्यावर ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या भिंगावर बसवलं. नेमकं बसलं.

"झकास," म्हणाल्या.

हा फोटो मला फोटो वाटेना. माझ्या माहितीतला फोटो म्हणजे तपकिरी, चकचकीत, त्यात खुर्चीवर वडीलमाणसं आणि मागे रंगवलेला जिना. हे चित्रासारखं होतं, पण हातानं काढलेलं नव्हतं. आणि हातानं काढलेलं नाही म्हणावं, तर हातात कुंचला घेऊन त्या ओल्या कागदावरून तो फिरवत होत्याच. त्यांनी मला पुष्कळदा समजावलं. डिंकाच्या पाण्यात काजळ खलायचं, त्यात अकोल्याहून येणारा एक नारिंगी खार घालायचा, आतल्या अंधाऱ्या खोलीत कागदाला ते सारवायचं. सुकलं की त्यावर फोटोची काच ठेवून उन्हात मांडायचं. काचेतून जिथं ऊन पोचलं तिथला डिंक घट्ट होतो आणि काजळाला धरून ठेवतो. जिथं पोचलं नाही तिथला पाण्यात सुटून जातो. मला हे सगळं कळे, आणि घरी पोचेपर्यंत पुन्हा काहीच कळलेलं नसे.

त्यांचे यजमान चितारी होते. देवळांच्या भिंती रंगवत, पुढे कुठूनसा कॅमेरा मिळाला तेव्हा लोकांचे फोटो काढू लागले. ही डिंकाची रीत ते कुठे शिकले हे सुंदराबाई कधी नागपूर सांगत, कधी हैदराबाद. यजमान गेल्यावर कॅमेरा यांच्याकडे राहिला. पण माणसांचे फोटो त्यांनी बंदच केले. काढायच्या त्या वावरांचे, टेकड्यांचे, नाल्यांचे. बैल जोडलेल्या दमणीत कॅमेरा, त्याचे तीन पाय आणि काचांची पेटी घालून त्या निघत तेव्हा लोकांना वाटे बाई माहेरी निघाली.

माणसांचे का नाही, असं मी विचारलं तर एकदा म्हणाल्या, "मानसं हालतात." एकदा म्हणाल्या, "मानसाले आपला फोटो पसंत पडत नाई, वावर काई बोलत नाई." आणि एकदा, काच पुसता पुसता, "मालक गेले तवा त्यायचा एकबी फोटो घरात नव्हता. सगळ्या गावाचे काढले. मंग मले मानसाचा फोटो काढाले हातच उचलेना." यातलं खरं कारण कुठलं, ते मला ठरवता आलं नाही. तिन्ही त्यांनी सारख्याच आवाजात सांगितली होती.

उन्हाशी त्यांचं वेगळंच नातं होतं. घड्याळ नव्हतं. कागद उन्हात मांडला की तोंडात विडा टाकायच्या. विडा संपला की कागद उचलायच्या. ढग आला तर चावणं थांबवायच्या, गालात विडा धरून बसायच्या आणि ढग गेला की पुन्हा चावू लागायच्या. त्या वेळी कुणी बोलायला आलं तर हातानंच थांब म्हणायच्या. गल्लीतल्या बायकांना तो मान वाटे; सुंदराबाईंचा विडा चालू असताना धुणंसुद्धा हळू आपटत.

त्या नारिंगी खारानं त्यांचे हात कायम फुटलेले असत. बोटांच्या पेरांना चिरा, नखांभोवती पिवळेपणा. मी खोबरेल तेल देई. त्या लावत आणि लगेच पाण्यात हात घालत.

एक देशमुख त्यांच्याकडे फोटो काढायला आले होते ती गोष्ट वाशीमभर झाली. सुंदराबाईंनी नाही म्हटलं, पण देशमुख ऐकेनात. जरीचा फेटा बांधून, छडी घेऊन अंगणातच बसले. शेवटी त्या म्हणाल्या, "चाला, वावरात काढू." वावरात नेऊन त्यांनी देशमुखांना उभं केलं, आणि स्वतः कॅमेरा घेऊन इतक्या लांब गेल्या की देशमुखांना ओरडून विचारावं लागलं, बाई आहात का गेलात? फोटो तयार झाल्यावर देशमुख न्यायला आले. मी तिथेच होते. सुंदर चित्र होतं. तुरीचं वावर, त्यापलीकडे नाला, वर उजळ आभाळ. देशमुखांनी ते जवळ धरलं, लांब धरलं.

"यात मी कुठं आहे?"

सुंदराबाईंनी सुई घेतली आणि तिच्या टोकानं वावराच्या कडेला दाखवलं. "हितं व्हते."

"होते म्हणजे?"

"धुतानी गेले जी तुमी."

त्यांच्या तोंडावर चेष्टा नव्हती. खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. पण पुढे म्हणाल्या, "चित्र मातर त्यानं चांगलंच झालं," आणि देशमुख फोटो न घेता गेले.

एकाच काचेवरून त्या कितीदा तरी कागद काढत. एकात सकाळ वाटे, दुसऱ्यात तिन्हीसांज. एकात टेकडी जवळ, एकात धुक्यात गेलेली. मी विचारलं, यातलं खरं कोणतं? त्यांनी सगळे अंगणात अंथरले, वाकून प्रत्येकासमोरून गेल्या, आणि म्हणाल्या, "कायले विचारता व? मले काल हे वाटत व्हतं, आज ते वाटून राह्यलं." तेव्हा मला ते बोलणं ऐकून हसू आलं होतं. पुढे कोर्टात त्यांना हेच विचारलं गेलं तेव्हा कुणालाच हसू आलं नाही.

आसेगावचे आबाजी पाटील हे त्यांचं एकच गिऱ्हाईक असं होतं, ज्यानं आपण होऊन म्हटलं, "माहा नको. माह्या वावराचा काढ." पाटलांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. सुंदराबाई आसेगावला जाऊन फोटो काढून आल्या. पाटलांनी तो हातात घेतला, डोळ्यांना लागेल इतका जवळ नेला, आणि म्हणाले, "हेच ते." तो फोटो त्यांच्या ओसरीवर लागला. हे मी वाशीमला यायच्या आधीचं. मी आल्यानंतर पाटील वारले, आणि त्यांचे दोन मुलगे, गणपतराव आणि सदाशिवराव, यांनी वावर वाटून घेतलं.

वाटणी झाली आणि भांडण सुरू झालं. दोघांच्या वावरांमधला जो धुरा, म्हणजे बांध, तो कुठे होता यावर. गणपतराव म्हणत, धुऱ्यावर निंबाचं मोठं झाड होतं. सदाशिवनं ते मुळासकट काढलं आणि धुरा माझ्या अंगावर सरकवला. सदाशिवराव म्हणत, तिथं निंब कधी नव्हताच. हातभर मातीचा प्रश्न नव्हता. मध्ये विहीर होती. धुरा इकडे धरला तर विहीर थोरल्याची, तिकडे धरला तर धाकट्याची, आणि त्या भागात दुसरं बारमाही पाणी नाही. गावातले अर्धे लोक निंब होता म्हणाले, अर्धे नव्हता म्हणाले. मग सदाशिवरावांच्या वकिलानं ओसरीवरचा फोटो उतरवून कोर्टात नेला. फोटोत विहिरीची कड दिसत होती. निंब नव्हता.

गणपतरावांच्या वकिलाला देशमुखांची गोष्ट माहीत होती. त्यानं सुंदराबाईंना साक्षीला बोलावलं.

एकटी बाई कोर्टात कशी जाणार, म्हणून त्यांनी मला सोबत नेलं. यजमान आधी नको म्हणाले, मग त्यांनाही काय होतंय ते ऐकायचं होतं. उन्हाळ्याचे दिवस. सुंदराबाईंनी जुन्या लुगड्यात पाटलांच्या वावराची ती काच गुंडाळून पोटाशी धरली होती. कोर्टात दोघे भाऊ दोन भिंतींना पाठ लावून उभे होते आणि जमिनीकडे पाहत होते.

गणपतरावांच्या वकिलांनी विचारलं, "बाई, तुम्ही एका देशमुखांना फोटोतून धुऊन टाकलं. खरं की नाही?"

"हाओ जी."

लोक हसले. मुन्सफ वयस्कर, शांत गृहस्थ होते; त्यांनी हात वर केला.

"मग झाड धुऊन टाकायला तुम्हाला काय लागतं?"

"झाडाले गंज वेय लागते, लय वेय. मानसाहून जाड येते ते."

"म्हणजे धुता येतं."

"येते."

"तुम्ही हे झाड धुतलं का?"

 सुंदराबाई बोटांच्या चिरा दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं दाबत होत्या.

"आठवत नाई जी."

"अहो, धुतलं नसेल आठवत, पण झाड होतं की नव्हतं हे तरी? तुम्ही तिथे उभ्या होतात ना?"

"उभी व्हते. गंज वावरं पाह्यली जी मी. कोन्या धुऱ्यावर निंब असते, कोन्या धुऱ्यावर नसते."

मुन्सफांनी काच मागितली. खिडकीपाशी धरली. काचेवर सगळं उलटं दिसतं एवढं मला तोवर माहीत झालं होतं: उजळ ते काळं, काळं ते कोरं. पण या काचेचा वरचा अर्धा भाग लालच लाल होता.

"हे काय?"

"गेरू हाये. आभाय डागी येते जी, म्हून मी सगळ्याच काचायच्या आभायाले गेरू लावते. मंग त्यातून ऊन जात नाई, आभाय कसं कोरं, साफ येते."

मुन्सफांनी चष्मा काढला. "म्हणजे झाड असलंच, तर ते या गेरूखाली असेल."

"असंन तर असंन."

"गेरू धुता येईल?"

इथे सुंदराबाईंनी पहिल्यांदा वर पाहिलं. "येईन जी. पन खाली पातय साय असते, तिच्यात चित्र राह्यते. ते बी सुटन. दिवस उन्हायाचे हायेत, गरमीनं साय नरम पडते."

"बाई घाबरतात," धाकट्याचे वकील म्हणाले. थोरल्याचेही वकील तेच म्हणाले. त्या एका बाबतीत दोघांचं जमलं.

सुंदराबाईंनी माठातलं गार पाणी मागितलं. शिपायानं परात आणून दिली. त्यांनी तिथेच जमिनीवर बसून काच पाण्यात धरली आणि बोटानं, बाळाचं तोंड धुवावं तसा, गेरू सोडवू लागल्या. पाणी लाल झालं. दोघे भाऊ भिंत सोडून पुढे आले आणि वाकले. आभाळ काळं उघडं पडू लागलं. सगळं काळं, आणि विहिरीच्या जरा वर, सुंदराबाईंच्या बोटाखाली, साय सुटून एक तुकडा गोळा झाला आणि पाण्यात गेला. तिथं काच कोरी राहिली. वर रुंद, खाली निमुळती.

"निंब!" गणपतराव म्हणाले.

"डाग हाये तो, आता पडला," सदाशिवराव म्हणाले.

झाड असतं तर त्या जागी काच कोरी दिसली असती. साय निघाल्यावरही काच कोरीच दिसणार. मुन्सफांनी ती बराच वेळ उजेडाला धरली. मग त्यांनी अगदी घरातल्यासारखं विचारलं, "बाई, तुम्हीच सांगा. काय आहे हे?"

सुंदराबाईंनी काच हातात घेतली. इतका वेळ पाहिली की वकील खोकले.

"मले नाई समजत जी," त्या म्हणाल्या.

निकाल पुढे लागला तो फोटो बाजूला ठेवूनच. धुरा विहिरीच्या मधोमध धरायचा, पाणी दोघांचं. दोघांनाही तो पसंत नव्हता, पण दोघांनीही मानला. राग मात्र दोघांनी सुंदराबाईंवर काढला. एक म्हणाला बाईनं झाड खाल्लं, दुसरा म्हणाला बाईनं झाड लावलं.

कोर्टातून परतताना त्या छत्री काखेत धरून उन्हातून चालत होत्या. तळ्याशी आल्यावर थांबल्या. "मास्तरीणबाई, इतकी वर्सं मी पाहूनच राह्यली. दुसरं काईच केलं नाई. अन् काय पाह्यलं ते सांगता येईना मले." मी काहीतरी बोलले, माणसाला सगळं कुठे आठवतं, असं काहीतरी. त्यांनी मान हलवली. ते त्यांना हवं ते उत्तर नव्हतं.

त्यानंतर त्यांनी कागद सारवणं बंद केलं. विडाही बंद झाला. मग एक दिवस दमणी जोडून माझ्या दारात उभ्या. "आसेगावले चालता का?"

मूल घेऊन मी गेले. वावराशी उतरल्यावर त्या जागा शोधू लागल्या. झाडाची नव्हे, स्वतःची. त्या दिवशी आपण कॅमेरा कुठे लावला होता ती. इकडून विहीर दिसे पण टेकडी सरके, तिकडून टेकडी बसे पण विहीर लपे. "माहे पाय कुठी व्हते?" असं पुटपुटत त्या ढेकळांतून फिरत राहिल्या. गुरं राखणाऱ्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं, निंब होता, वावधानात, म्हणजे वादळात, पडला. मग जरा विचार करून म्हणाला, तो आंबा असंन.

उन्हात फिरणाऱ्या दोन बायका पाहून पाटलांच्या घरून बोलावणं आलं. भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, पण जावांच्या चुली अजून शेजारी शेजारी होत्या. थोरली अनसूया, धाकटी गिरजा. दोघींनी मिळून आम्हाला जेवायला वाढलं. सुंदराबाईंनी घास तसाच ठेवून विचारलं.

"व्हता ना निंब," अनसूया म्हणाली. "वावरातच मांडव पडला व्हता माह्या लग्नाचा. मांडवाची दोरी त्याच निंबाले बांधली व्हती."

गिरजा हसली. "काहून वैनी? एकाच मांडवात लागलं ना आपल्या दोघीचं लग्न? दोरी गाडीच्या जुवाले बांधली व्हती. बैलानं ओढली तवा मांडव हालला, सगळे भेले, आठवते का नाई?"

"ते आठवते. पन ती दुसरी दोरी."

"दुसरी कोनती व?"

दोघी आठवत बसल्या. भांडल्या नाहीत. अनसूया गिरजाच्या भाकरीवर तूप वाढता वाढता म्हणाली, "तुहं बी खरं असंन." मी दोघींच्या तोंडाकडे पाहत होते. खोटं बोलताना माणसाचे डोळे कसे होतात ते मला ठाऊक होतं. यांचे तसे नव्हते, एकीचेही.

परतीच्या वाटेवर सुंदराबाई म्हणाल्या, "दोघीबी खऱ्या वाटल्या ना व तुमाले?"

"हो."

"मंग?"

दमणी चालत राहिली. मुलगा माझ्या मांडीवर झोपला होता. 

पण त्या प्रवासानं त्यांचा हात सुटला. त्यांनी ती बिघडलेली काच घेतली आणि तिच्यावरून दोन कागद काढले. एकात तो कोरा तुकडा तसाच छापू दिला. त्या जागी काजळ घट्ट बसलं आणि आभाळात एक झाड, किंवा झाडासारखं काहीतरी, उभं राहिलं. दुसऱ्यात तो ओला असतानाच कुंचल्यानं पुसून काढला, आणि तिथं नुसतं आभाळ ठेवलं. झाडाचा त्यांनी पाठवला धाकट्याकडे, बिनझाडाचा थोरल्याकडे.

"अहो, उलटं झालं की हे," मी म्हटलं.

"ज्याच्या घरी जे नाई, ते देल्लं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं आता आसेगावात डोकी फुटणार. तसं काही झालं नाही. अनसूया आणि गिरजा यांनी दुसऱ्याच दिवशी फोटोंची अदलाबदल करून टाकली म्हणे, आणि दोन्ही भाऊ आपापल्या ओसरीवर सुखानं जेवू लागले. सुंदराबाईंना हे कळलं तेव्हा त्या खूप हसल्या, मग एकदम थांबल्या. "मंग मी पाठवले ते चुकले का बरोबर?" असं त्यांनी मलाच विचारलं.

गेरू त्यांनी पुन्हा हाती धरला नाही. त्यांच्या पुढच्या चित्रांत आभाळ डागांसकट येई. पावसाळी आभाळ आहे की काच खराब आहे, कळत नसे. शाळेसाठी एक चित्र हवं म्हणून यजमान हेडमास्तरांना आणि मला घेऊन गेले, तर हेडमास्तर म्हणाले, बाई, आधीसारखं स्वच्छ द्या. त्या म्हणाल्या, "स्वच्छ नव्हतं जी ते. मी करत व्हते." हेडमास्तरांनी यजमानांकडे पाहिलं, यजमानांनी माझ्याकडे. चित्र न घेताच ते गेले. मला विचाराल तर मला जुनीच चित्रं आवडत. पण नव्या चित्रांसमोरून मला लवकर उठता येत नसे, हेही खरं.

पुढे आमची बदली खामगावला झाली. निघताना त्यांनी मला कवटाळलं नाही, काही दिलं नाही. परातीतला कागद उलटायची वेळ झाली होती. "जा व, पोहचल्यावर सांगजा," म्हणाल्या, आणि कागदाकडे वळल्या. मी त्यांना कुणाहाती निरोप पाठवी, कधी त्यांचा येई. वर्षं गेली. लढाई सुरू झाली, फोटोच्या काचा मिळेनाशा झाल्या, अकोल्याचा खारही बंद झाला असं कानावर आलं.

लढाई चालू असतानाच एकदा एका लग्नासाठी मी मंगरूळकडून मोटरीनं वाशीमला येत होते. मध्ये इंजिन तापलं. ड्रायव्हर पाणी शोधायला गेला, आम्ही उतरलो. थोडं पुढे, रस्त्याच्या कडेला, वावराच्या तोंडाशी, तीन पायांवर कॅमेरा उभा होता आणि त्याच्या काळ्या कापडाखाली कुणीतरी वाकलं होतं. पायांवरूनच मी ओळखलं.

"सुंदराबाई!"

त्या बाहेर आल्या. केस पांढरे, तोंडात दात थोडे. मला ओळखायला त्यांना क्षणभर लागलं, की मला तसं वाटलं. "मास्तरीणबाई! पोट्टा कितवीत हाये?" तो नोकरीला लागल्याचं मी सांगितलं. त्यांचे हात पाहिले. चिरा बुजल्या होत्या.

"काच मिळाली कुठून?" मी विचारलं.

"कुठची काच? काच नाई, कागद नाई."

"मग काय करता?"

"पाहून राह्यली." त्यांनी कापड उचललं. "या, पाहा."

मी आत डोकं घातलं. कोंदट, काळोखी, जुन्या डिंकाचा वास. समोर धुरकट काचेवर सगळं जग उलटं टांगलेलं होतं. रस्ता वर, आभाळ खाली. एक बैलगाडी पाय वर करून चालली होती, आणि मी मघाशी ती डावीकडून येताना पाहिली होती तरी इथे ती उजवीकडून येत होती. रस्त्यापलीकडे काहीतरी हललं. पाखरू होतं, की माझाच श्वास काचेवर उमटला होता, ते समजेना. मी बाहेर आले तेव्हा ऊन डोळ्यांत गेलं आणि सगळं सरळ असूनही थोडा वेळ परकं वाटलं.

"काय दिसलं?" त्यांनी विचारलं. अगदी उत्सुकतेनं.

"काय सांगू," मी म्हटलं.

त्या खूश झाल्या. माझ्या पाठीवर थाप मारली आणि पुन्हा कापडाखाली गेल्या.

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. मी मोटरीत मागच्या खिडकीशी बसले. मोटर रस्त्यावरून, त्यांच्या कॅमेऱ्याच्या समोरून, उजवीकडे वाशीमच्या दिशेनं निघाली. मी खिडकीतून हात हलवला. काळ्या कापडाखालून त्यांचाही एक हात बाहेर आला, आणि हलू लागला, मोठ्या आनंदानं, डावीकडे, मंगरूळच्या रिकाम्या रस्त्याला.